अथेन्स आणि जेरुसलेम एकाच बाकावर: क्लासिकल ख्रिश्चन शिक्षण म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या शाळांच्या बातम्या वाचताना गेली काही वर्षं एक शब्दप्रयोग सारखा आडवा येतो: क्लासिकल ख्रिश्चन शिक्षण. २०२२ मध्ये ॲरिझोना राज्याने सगळ्याच शालेय विद्यार्थ्यांना सरकारी पैसा खासगी शिक्षणासाठी वापरायची मुभा दिली. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी प्रवेशासाठी 'क्लासिक लर्निंग टेस्ट' नावाची, जुन्या ग्रंथांवर भर देणारी परीक्षा ग्राह्य धरली. २०२५ मध्ये टेक्ससने ॲरिझोनासारख्याच योजनेसाठी १ अब्ज डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले पीट हेगसेथ यांनी २०२२ मध्ये जे पुस्तक सहलेखक म्हणून लिहिलं होतं, त्याचा विषयही हाच. कुणाला हा शिक्षणाचा जीर्णोद्धार वाटतो, तर कुणाला सोवळ्यात गुंडाळलेलं राजकारण.

बाहेरून बघणाऱ्याला चित्र जरा विचित्रच दिसतं. सात-आठ वर्षांची मुलं गणवेशात उभी राहून 'आमो, आमास, आमात' असं लॅटिन क्रियापद तालावर म्हणतायत. वरच्या वर्गात होमर चाललाय, ज्याच्या काव्यात पानोपानी ग्रीक देव एकमेकांवर कुरघोडी करतात. आणि दिवसाची सुरुवात मात्र ख्रिस्ती प्रार्थनेने झालेली. एकच देव मानणाऱ्या शाळेत झ्यूस आणि अथीना कशाला? हा प्रश्न भाबडा नाही. या सगळ्या प्रकाराची किल्ली मला तरी याच प्रश्नात दिसते.

नावातले दोन शब्द

'क्लासिकल' म्हटलं की मराठी माणसाच्या कानात आधी तंबोरा वाजतो, आणि हल्ली 'अभिजात' भाषेचा दर्जा आठवतो. मूळ लॅटिन शब्द 'क्लासिकुस'. रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी व्हायची, त्यात जो पहिल्या वर्गातला तो क्लासिकुस. दुसऱ्या शतकात औलुस गेलिउस या लेखकाने हा शब्द लेखकांना लावला: पहिल्या प्रतीचा, ज्याच्या भाषेवर भरवसा ठेवावा असा. म्हणजे 'जुना' हा काही त्याचा मूळ अर्थ नव्हे. जुन्यातलंही बरंच टाकाऊ असतं. काळाने पाखडल्यावर सुपात जे उरलं, ते क्लासिकल.

शाळेच्या संदर्भात हा शब्द तीन गोष्टींना मिळून वापरतात. ग्रीस-रोमपासून चालत आलेले ग्रंथ, ते शिकवायची जुनी रीत, आणि शिक्षण कशासाठी याचं जुनं उत्तर. 'ख्रिश्चन' या शब्दाचा अर्थ इथे आठवड्यातून दोनदा बायबलचा तास एवढाच नाही. गणित, इतिहास, संगीत हे सगळं एकाच देवाच्या निर्मितीचे वेगवेगळे कोपरे आहेत आणि म्हणून ते एकमेकांशी जोडलेले आहेत, ही त्यामागची धारणा.

बातम्यांमध्ये एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच सोडवून टाकू. सगळ्या क्लासिकल शाळा ख्रिस्ती नसतात. ॲरिझोनात सुरू झालेल्या 'ग्रेट हार्ट्स'च्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा होमर आणि शेक्सपिअर शिकवतात, पण धर्म शिकवू शकत नाहीत, कारण कायदा आड येतो. उलट, बहुतेक ख्रिस्ती शाळाही क्लासिकल नाहीत; नेहमीचाच अभ्यासक्रम आणि वर प्रार्थना, अशी त्यांची रचना असते. आपण बोलतोय ते या दोन वर्तुळांच्या छेदाबद्दल.

शिकायचं कशासाठी?

शाळेत मूल का घालायचं, असं कुणालाही विचारलं तर फिरून फिरून उत्तर नोकरीपाशी येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोट कुणाला चुकलंय? क्लासिकल शिक्षणवाले एवढंच म्हणतात की हे उत्तर अपुरं आहे. त्यांच्या मते शाळेचं पहिलं काम माणूस घडवण्याचं, आणि माणूस घडतो तो त्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय आवडतं यावरून.

हा विचार संत ऑगस्टीनचा. चौथ्या-पाचव्या शतकातला हा उत्तर आफ्रिकेतला बिशप. त्याच्या मते माणसाचा बिघाड बहुतेक वेळा अज्ञानातून येत नाही, तो प्रेमाच्या चुकलेल्या क्रमातून येतो. समजा, एखाद्याला नवी गाडी आणि स्वतःचं मूल दोन्ही आवडतात. दोन्ही आवडण्यात गैर काहीच नाही. पण मुलाने गाडीवर ओरखडा काढला आणि याने त्याला गुरासारखं बडवलं, तर त्याला माहिती कुठली कमी पडली? कसलीच नाही. दोन प्रेमांची जागा अदलाबदल झाली. ती जागा लहानपणापासून नीट लावत नेणं, जे मोठं त्याला मोठं आणि जे छोटं त्याला छोटं मानायची सवय मनाला लावणं, हे शिक्षणाचं काम.

ग्रीकांकडे यासाठी एक शब्द होता: पैदेया. शाळा, घर, गाणी, व्यायाम, सण, कायदे या सगळ्यांनी मिळून मुलाला आपल्या संस्कृतीचा माणूस करायचं, ती सगळी प्रक्रिया म्हणजे पैदेया. आपला 'संस्कार' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. गंमत अशी की संत पौलाने इफिसमधल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिताना बापांना जो उपदेश केला, त्यात मुलांना प्रभूच्या 'पैदेया'त वाढवा, असा नेमका हाच शब्द वापरला. भाषांतरात तिथे 'शिस्त' किंवा 'शिक्षण' येतं आणि शब्दाचं वजन हरवतं. या चळवळीतले लोक त्या एका शब्दावर फार भर देतात.

तीन पायऱ्या आणि बुद्धिबळाचा पट

आता रीत. मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचा पाया सात विद्यांचा होता. पहिल्या तीन भाषेच्या: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. त्यांना मिळून त्रिवियम म्हणत, म्हणजे जिथे तीन वाटा भेटतात ती जागा. पुढच्या चार संख्येच्या: अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. संगीत गणितात कसं काय, असं वाटेल. पण तार निम्मी केली की वरचा षड्ज लागतो, हे प्रमाणाचं गणित ग्रीकांना फार भावलं होतं.

आजच्या शाळांचा सगळा डोलारा उभा आहे तो त्रिवियमवर. तो समजायला बुद्धिबळाचा पट पुरतो. आधी मुलाला सांगावं लागतं की घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो आणि प्यादं मागे फिरत नाही. इथे 'का' विचारण्यात अर्थ नसतो, ते पाठच करायचं. हे व्याकरण. मग ते विचारायला लागतं की वजीर आत्ताच का नाही काढायचा, हे प्यादं फुकट मिळतंय तर घ्यायचं का नाही. हा तर्क. आणि बऱ्याच वर्षांनी कधीतरी ते स्वतःचा डाव खेळतं, ज्यात नियम आणि कारणं दोन्ही बोटांत उतरलेली असतात आणि बघणारा म्हणतो, वा! ते वक्तृत्व. प्रत्येक विषयाला अशा तीन पायऱ्या असतात: इतिहासाच्या सनावळ्या, मग कारणं, मग स्वतःची मांडणी.

वक्तृत्व म्हणजे टाळ्या घेणारं भाषण, असा अर्थ मात्र करू नये. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन याने उचलून धरलेली व्याख्या या शाळांत तोंडपाठ असते: वक्ता म्हणजे बोलण्यात कुशल असलेला भला माणूस. 'भला' हा शब्द गळला की उरतो तो पटाईत फसवा. जाहिराती आणि निवडणुका बघितल्या की क्विंटिलियन कशाला घाबरत होता ते कळतं.

ही पोपटपंची नव्हे का?

पहिला आक्षेप हाच येतो, आणि त्याला इतिहासाने मजेदार उत्तर ठेवलंय. या पायऱ्या मुलांच्या वयाशी जोडण्याची कल्पना मध्ययुगातली नाहीच. ती डोरोथी सेयर्स या इंग्रज बाईंची. त्या रहस्यकथा लिहायच्या, दान्तेचा अनुवाद करायच्या, आणि शिक्षणशास्त्राशी त्यांचा अधिकृत संबंध शून्य. १९४७ मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी एक भाषण दिलं. आपली मुलं विषय शिकतात पण शिकायचं कसं ते शिकत नाहीत, असा त्यांचा सूर होता. त्यात त्यांनी मुलांच्या वाढीचे तीन टप्पे सांगितले आणि पहिल्याचं नाव ठेवलं चक्क 'पोपट'! दुसरा आगाऊ, तिसरा कवी.

म्हणजे पोपटपंचीचा आरोप यांनी आधीच कपाळावर लावून घेतलाय. त्यांचा मुद्दा इतकाच की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाठ करायला मनापासून आवडतं. क्रिकेटचे आकडे, डायनासोरांची नावं, गाड्यांची मॉडेलं ते न सांगता घोकत असतं. मग त्या वयात काही टिकाऊ भरा. बारा-तेराव्या वर्षी तेच मूल प्रत्येक वाक्याला 'पण का?' म्हणून आडवं येतं. त्याला गप्प करण्याऐवजी नीट भांडायला शिकवा. सोळाव्या वर्षी त्याला स्वतःचं काही म्हणायचं असतं, तेव्हा ते चांगलं म्हणायला शिकवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे टप्पे सेयर्सबाईंनी स्वतःच्या बालपणाकडे बघून मांडले, कुठल्या प्रयोगातून नाही, आणि तसं त्यांनी भाषणात कबूलही केलं. चार वर्षांचं पोरही 'का' विचारतं आणि चाळिशीतही नवी भाषा शिकताना घोकावंच लागतं. म्हणून टप्प्यांची भिंत फार कडक बांधणारी शाळा पोपटांपाशीच थांबण्याचा धोका असतो. चळवळीतल्याच काही लोकांनी अलीकडे हे बोलून दाखवलंय.

मेलेली भाषा कशाला?

मराठी वाचकाला हे उत्तर अमेरिकन वाचकापेक्षा लवकर कळेल, कारण आपण विभक्तीत वाढलोय. 'कुत्रा मुलाला चावतो' आणि 'मुलाला कुत्रा चावतो', दोन्हींत चावणारा कुत्राच. काम 'ला' करतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की चावणारा बदलतो, कारण तिथे नामाचं रूप बदलत नाही, जागाच सगळं ठरवते.

आता आठ वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलासमोर फळ्यावर लिहिलंय: 'कानिस पुएरुम मॉर्देत'. कानिस म्हणजे कुत्रा, मॉर्देत म्हणजे चावतो, 'पुएर' म्हणजे मुलगा आणि त्याचं झालंय 'पुएरुम'. बाई शब्द पुसून उलटे लिहितात: 'पुएरुम कानिस मॉर्देत'. आता कोण कोणाला चावलं? वर्ग ओरडतो, मुलगा कुत्र्याला! बाई नकारार्थी मान हलवतात, अजूनही कुत्राच चावतोय. मग फळ्यावर येतं 'पुएर कानेम मॉर्देत', आणि आता खरोखरच मुलगा कुत्र्याला चावतो. वर्गात हशा पिकतो. त्या हशात मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की शब्दाच्या शेपटीत अर्थ असतो, आणि वाक्य डोळे मिटून गिळायचं नसतं, उलगडायचं असतं. आपल्याकडे 'रामः रामौ रामाः' करताना ज्यांना हा क्षण कधी आला नाही, त्यांचं दुर्दैव. ते पाठांतराचं नव्हे, शिकवण्याचं.

लॅटिनची दुसरी बाजूही मांडतो. इंग्रजीतले निम्म्याहून अधिक शब्द थेट किंवा फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेत, त्यामुळे शब्दसंग्रहाला मदत होते हे खरं. पण 'लॅटिनने मेंदूला धार येते आणि मग सगळेच विषय सोपे जातात' हा दावा जपूनच घ्यावा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये हजारो शाळकरी मुलांवर हे तपासलं, आणि एका विषयाची धार दुसऱ्यात फारशी उतरत नाही, असं त्याला आढळलं. लॅटिन शिकायचं ते रोमन कवी व्हर्जिल आणि ऑगस्टीन मुळातून वाचण्यासाठी आणि भाषेचं यंत्र आतून बघण्यासाठी. ते टॉनिक म्हणून विकायला लागलं की दुकानदारी सुरू होते.

जुनं भांडण

आता मूळ प्रश्नाकडे. ख्रिस्ती शाळेत झ्यूस कशाला?

इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधल्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने हाच प्रश्न विचारून ठेवलाय: अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध? अथेन्स म्हणजे तत्त्वज्ञान, बुद्धी, ग्रीक विद्या. जेरुसलेम म्हणजे श्रद्धा. त्याचं उत्तर होतं, काहीही नाही. चौथ्या शतकात जेरोम या ख्रिस्ती विद्वानाला तापात एक स्वप्न पडलं. तो देवाच्या न्यायासनापुढे उभा आहे. तू कोण? मी ख्रिस्ती. उत्तर आलं: खोटं बोलतोस, तू सिसेरोचा आहेस. सिसेरो म्हणजे जेरोमचा लाडका रोमन लेखक. मग त्याला फटके बसले. पुढे याच माणसाने बायबल लॅटिनमध्ये आणलं, आणि त्याच्या लॅटिनला जी झळाळी आहे ती सिसेरोच्या तालमीत आलेली. स्वप्नातही त्याची सुटका झाली नाही ती यामुळेच.

गंमत पुढेच आहे. ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्युलियनने, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, ख्रिस्ती शिक्षकांना होमर शिकवायला बंदी केली. त्याचं म्हणणं वरवर बघता बिनतोड होतं: तुम्ही त्या देवांना मानत नाही, तर त्यांची काव्यं कशाला शिकवता? जा, आपल्या चर्चमध्ये मत्तय आणि लूक शिकवा. ख्रिस्ती विद्वानांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता ना? ते खवळून उठले. नाझियान्झसच्या ग्रेगरीने सम्राटाची अशी काही खरडपट्टी काढली की ती आजही वाचण्यासारखी आहे. ग्रीक विद्या काही ग्रीक देवांच्या मालकीची नाही, असं त्याचं म्हणणं. तेर्तुलियनला जे घरात नको होतं, ते दीडशे वर्षांत इतकं घरचं झालं होतं की कुणी बाहेर काढायला आलं तर लोक दारात उभे राहिले.

मग तोडगा काय निघाला? केसरियाच्या बेसिलने तरुणांना सांगितलं की मधमाशीसारखे वाचा. ती प्रत्येक फुलावर बसत नाही आणि फुलातलं सगळंच उचलत नाही. ऑगस्टीनने बायबलमधलाच दाखला दिला. इजिप्तमधून सुटताना इस्राएली लोकांनी इजिप्शियनांचं सोनं बरोबर नेलं. सोनं खाणीतून येतं, खाण देवाची. कुणाच्याही घरात सापडलं तरी ते सोनंच. पण त्याच कथेत पुढे त्या लोकांनी सोन्याचं वासरू ओतलं आणि त्याची पूजा केली. सोनं नेताना ही भीतीही सोबत असते.

माझ्या मते क्लासिकल ख्रिश्चन शिक्षणाचा जीव या न मिटलेल्या भांडणात आहे. दोन बाजूंनी एकमेकांना सतत तपासायचं. श्रद्धा आळशी होऊ लागली की सॉक्रेटिस प्रश्न विचारतो, आणि बुद्धीला गर्व झाला की येशूचं डोंगरावरचं प्रवचन तिला जागेवर आणतं. ज्या शाळेत हे भांडण बंद पडलं, तिथे पाटी तीच राहते पण दुकान बदललेलं असतं.

वर्गात ते कसं दिसतं

वरच्या वर्गात व्याख्यान कमी आणि गोल टेबलाभोवतीची चर्चा जास्त. समजा, होमरच्या 'ओडिसी'चा नववा सर्ग चाललाय. ओडिसियसने एकडोळ्या राक्षसाला आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगितलंय, त्याचा डोळा फोडलाय, आणि मेंढ्यांच्या पोटाला लटकून गुहेतून निसटलाय. गलबत किनाऱ्यापासून दूर चाललंय. सुटलेच सगळे. आणि नेमका तेव्हा तो मागे वळून ओरडतो: तुला कुणी विचारलं तर सांग, ओडिसियसने तुला आंधळं केलं! सोबती त्याला गप्प करायला बघतात, तो ऐकत नाही. आता राक्षसाला नाव कळतं, तो आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो, आणि पुढच्या सगळ्या हालांची सुरुवात होते.

शिक्षक एकच विचारतो: का ओरडला तो?

कुणी म्हणतं, मूर्ख आहे. दुसरा म्हणतो, नाही, ग्रीक वीराला कीर्तीच सर्वस्व. 'कुणीच नाही' म्हणून वाचण्यात त्याला मरणाइतकी लाज. मग शिक्षक पान दाखवायला लावतो: कुठल्या ओळीवरून म्हणतोस? तिसरी मुलगी विचारते, आपल्याला तर गर्व हे पाप म्हणून शिकवतात, मग मला हा माणूस का आवडतोय? इथे चांगला शिक्षक गप्प बसतो. वाईट शिक्षक ताबडतोब बायबलचं वचन काढून प्रश्न मिटवतो. दोन्ही शाळांच्या माहितीपत्रकात मजकूर मात्र तोच असेल.

हरवलं कसं, सापडलं कसं

हे शिक्षण कुठे गुप्त झालं नव्हतं. आठव्या शतकात यॉर्कच्या अल्क्विनला शार्लमेन राजाने दरबारी बोलावलं, आणि ७८९ मध्ये राजाज्ञेने मठांत व कॅथेड्रलांत शाळा काढायला सांगितल्या. १५२४ मध्ये प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याने जर्मन शहरांना शाळा काढा आणि त्यांत लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवा म्हणून पत्र लिहिलं. १५९९ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाने आपला अभ्यासक्रम पक्का केला. म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते तेव्हाही शाळा मात्र बऱ्याचशा सारख्याच चालवत होते. अमेरिकेत १६३५ मध्ये बॉस्टन लॅटिन स्कूल निघालं, आणि पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या हार्वर्डमध्ये प्रवेशाला सिसेरो वाचता यावा लागे.

मग कारखाने आले, सर्वांसाठी शाळा आली. एवढ्या मुलांना लॅटिन शिकवणं अवघड आणि निरर्थकही वाटू लागलं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई (१८५९-१९५२) आणि त्याच्या पिढीने शाळेचा मध्यबिंदू ग्रंथांकडून मुलाच्या अनुभवाकडे आणि लोकशाहीच्या गरजांकडे नेला. क्लासिकलवाले ड्यूईला खलनायक करतात ते मला पटत नाही. जुन्या शाळा मूठभरांच्याच होत्या आणि त्यांत छडी भरपूर होती. त्याला उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

१९६२ आणि १९६३ च्या निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी घडवलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. पुष्कळ ख्रिस्ती पालकांनी वेगळ्या शाळांचा विचार सुरू केला. सेयर्सबाईंचं भाषण या काळात पुन्हा हातोहाती फिरत होतं. १९८० मध्ये कॅन्सस राज्यात टोपेकाला, १९८१ मध्ये इंडियानात साउथ बेंडला आणि त्याच वर्षी आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात, अशा तीन ठिकाणी शाळा निघाल्या. मॉस्कोच्या शाळेच्या संस्थापकांपैकी डग्लस विल्सन यांनी १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं आणि लोण पसरलं. आज अशा शेकडो शाळा आहेत, शिवाय घरी शिकवणारी कुटुंबं वेगळी. आपली योजना कधी अमलात येईलसं वाटत नाही, असं सेयर्सबाई स्वतः म्हणाल्या होत्या.

हा फक्त गोऱ्या युरोपचा वारसा नाही का?

या आक्षेपाला अर्धं उत्तर सोपं आहे. तेर्तुलियन आणि ऑगस्टीन आफ्रिकेतले. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने लहानपणी ५० सेंट देऊन भाषणांचं एक पाठ्यपुस्तक घेतलं आणि त्यावर आपली वाणी घासली. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी विल्बरफोर्स विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवलं. गुलामीत जन्मलेल्या ॲना ज्युलिया कूपर यांनी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना लॅटिन शिकवलं, तेही अशा काळात जेव्हा 'या मुलांना सुतारकाम पुरे' असं वजनदार लोक सांगत होते. त्यांच्यासाठी होमर म्हणजे मालकाच्या घरातली वस्तू नव्हती.

अर्धं उत्तर अवघड आहे. या विद्यांना 'लिबरल' म्हणतात ते 'स्वतंत्र माणसाच्या' या अर्थाने, आणि प्राचीन काळी स्वतंत्र माणसाच्या फुरसतीचा भार गुलाम उचलत होते. आणि चळवळीच्या घरातही उणीदुणी आहेत: वर आलेल्या विल्सन यांनीच १९९६ मध्ये एका सहलेखकाबरोबर दक्षिणेतल्या गुलामगिरीला सौम्य रंगात रंगवणारी पुस्तिका काढली, आणि इतिहासकारांनी तिचे वाभाडे काढले. त्यावरून प्रत्येक शाळेला झोडपणं अन्याय होईल. पण इतिहासाच्या तासाला गुलामगिरी कशी शिकवता, हे पालकाने तोंडावर विचारावं. उत्क्रांतीबद्दलही विचारावं, कारण काही शाळा डार्विन नीट शिकवतात आणि काही पृथ्वीचं वय हजारांत मोजतात.

सरकारी पैसा धर्माच्या शाळेला?

अमेरिकेची घटना सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करू देत नाही. तरी २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पैसा पालकाच्या हातात दिला आणि त्याने स्वतःहून धार्मिक शाळा निवडली, तर घटनाभंग होत नाही. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यात न्यायालय एक पाऊल पुढे गेलं: खासगी शाळांना अशी मदत द्यायची ठरवली, तर केवळ धार्मिक म्हणून एखादीला वगळता येणार नाही. ॲरिझोना आणि टेक्ससच्या बातम्यांना या निकालांची पार्श्वभूमी आहे. विरोधकांचं म्हणणं, यात सरकारी शाळांचा पैसा आटतो. माझ्या मते चळवळीलाही यात धोका आहे, कारण सरकारी पैशामागून आज ना उद्या सरकारी अटी येतात.

पण याने फरक पडतो का?

या शाळांची मुलं परीक्षांत सहसा सरासरीच्या वर असतात. त्यावरून शाळेलाच श्रेय देणं घाईचं. जे पालक फी भरतात, शाळा शोधतात आणि रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवतात, त्यांची मुलं दुसऱ्या शाळेतही चांगलंच करतील. संशोधक याला निवडीचा परिणाम म्हणतात. दवाखान्यात आधीच धडधाकट लोक भरती केले तर औषध गुणकारीच ठरणार. शिवाय ही मंडळी म्हणतात प्रेमाचा क्रम लावायचाय. तो मोजायची फूटपट्टी कुणाकडे आहे?

शिकवणार कोण?

सगळ्यात मोठी अडचण ना पैशाची, ना न्यायालयाची. जे शिक्षण तीन-चार पिढ्यांपूर्वी थांबलं, ते शिकवणारे शिक्षक आणायचे कुठून? आजच्या शिक्षकाला स्वतःला लॅटिन कुणी शिकवलेलं नसतं, तर्कशास्त्र त्याने अभ्यासलेलं नसतं, होमर त्याने कॉलेजात सारांशातून उरकलेला असतो. सेयर्सबाईंनाही ही अडचण दिसत होती. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स'सारख्या घरशिक्षणाच्या उपक्रमांत तर आई मुलासोबतच पहिल्यांदा विभक्ती घोकते. पहिल्या शाळांतल्या शिक्षकांची गतही फार वेगळी नव्हती: रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुढचा धडा स्वतः शिकायचा, आणि सकाळी फळ्यावर लिहायचं, 'कानिस पुएरुम मॉर्देत'.